कोठीतला समेट

मनुष्याच्या अंगी एखादा चांगला गुण असावा, लोकांनी त्याची वाहवा करावी, आणि त्या वाहवेपायी तोच गुण एके दिवशी त्याच्या डोक्यावर चढून बसावा, असे या जगात पुष्कळदा घडते. महाविद्यालयाच्या आवारात उपाहारगृह चालविणाऱ्या मामांच्या बाबतीत तो गुण होता भांडणे मिटविण्याचा. दोन माणसे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली त्यांच्याने बघवत नसत. मग ते वसतिगृहातील सोबती असोत, एकाच संघातील खेळाडू असोत, की प्रयोगशाळेतील दोन साहाय्यक असोत. मामा काहीतरी युक्ती योजून त्यांना समोरासमोर आणीत, आणि तोंडे वळली की स्वतःच्या हाताने चहा नेऊन देत.

युक्तीही ठरलेली होती. शेगडीच्या मागच्या बाजूला सामानाची एक कोठी होती. तीत बटाट्यांची पोती, चहाची खोकी आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचलेले असत, आणि उजेड येण्यापुरती छताजवळ एक जाळी होती. मामा रुसलेल्यांपैकी एकाला म्हणत, "बाळ, आतून जरा साखरेचा डबा काढून आण." तो आत गेला की दुसऱ्याला म्हणत, "त्याला एकट्याला उचलणार नाही रे, हात लाव जा." दुसरा आत गेला की मामा बाहेरून कडी घालीत. मग आतून दार धडधडे, "मामा, उघडा ना!" अशा हाका येत, बाहेर बाकांवर हशा पिके, आणि मामा फळीवरचा रेडिओ मोठा करून मोठ्या रुबाबात जाहीर करीत, "समेट झाल्याशिवाय कडी निघायची नाही!"

पहिल्या वेळी ज्या दोघांना त्यांनी असे कोंडले, ते झोपताना खिडकी उघडी ठेवावी की मिटावी यावरून महिनाभर अबोला धरून बसले होते. कडी काढली तेव्हा दोघे पोत्यावर मांडीला मांडी लावून बसलेले, आणि बिस्किटांचा अर्धा डबा फस्त! त्या दिवसापासून कोठीची कीर्ती झाली. निरोपाच्या एका समारंभात खुद्द उपप्राचार्य भाषणात म्हणाले होते, "आमच्या शिस्तपालन समितीपुढे येतात त्याहून जास्त खटले मामांच्या कोठीत निकालात निघतात." टाळ्या पडल्या होत्या. मामांनी खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले होते. आतून दार वाजणे हा त्या खेळाचा एक भागच होऊन बसला, आणि ते वाजले म्हणजे औषध लागू पडू लागले, अशी मामांची बालंबाल खात्री झाली.

मुलांना हाक मारण्याची त्यांची रीतही न्यारी होती. जो जे मागेल त्यावरून त्याचे नामकरण होई. एक करपाटोस्ट होता, एक बिनसाखर होती, आणि एक होती अर्धाकप. ही मुलगी वनस्पतिशास्त्र शिकत होती. पहिल्याच दिवशी तिने अर्धा कप चहा मागितला. मामा म्हणाले, "पोरी, अर्ध्या कपाला कप धुवायची मेहनत मात्र पूर्ण पडते!" ती म्हणाली, "मी फार हळू पिते हो मामा. खालचा अर्धा थंडच होऊन जातो." तेवढ्यावर तिचे बारसे झाले. मामी बटाटे सोलीत असल्या की ती ओट्यापाशी येऊन उभी राही आणि सांगे, "मामी, बटाटा म्हणजे मूळ नव्हे बरं का, ते खोड आहे." मामी म्हणत, "असू दे बाई. शिजलं की सगळी भाजीच." आणि दोघी हसत.

दुसरा होता कप्तान. हा चेंडूफळीच्या संघाचा नायक, उंचापुरा, हसतमुख, आणि लाघवी तर असा की मुंगीलाही साखर विचारून देईल. गॅसची टाकी आली की मामांना हात लावू न देता स्वतः खांद्यावर टाकून आत नेई. मामांना दोन मुली, दोघी लग्न होऊन दूर गेलेल्या. मुलगा असता तर असाच असता, असे मामा मनात म्हणत, आणि कधीकधी मोठ्यानेही म्हणत.

कप्तान आणि अर्धाकप एकत्र बसू लागली तेव्हा मामांना केवढा आनंद झाला! कोपऱ्यातले टेबल त्यांनी त्या दोघांसाठी जणू राखूनच ठेवले. पुढे जे जे दिसत गेले, ते ते मामांच्या डोळ्यांदेखतच दिसले, आणि तरीही मामांनी ते पाहिले नाही. ती मैत्रिणींच्या टेबलावर जायची बंद झाली. तिचा फोन वाजला की कप्तान आधी उचलून कोणाचा आहे ते बघे. तिच्यासाठी काय मागवायचे तेही तोच सांगू लागला. "तिला पूर्ण कप द्या मामा. अर्धवट सवयी मोडायला हव्यात तिच्या." मामांनी हसत हसत कप काठोकाठ भरला. एकदा टेबलाखाली त्याने तिचे मनगट असे काही आवळले की तिच्या दुसऱ्या हातातला कप कलंडला. मामा फडके घेऊन धावले आणि म्हणाले, "असू दे, असू दे. प्रेमात थोडी सांडलवंड चालायचीच!" कप्तान मोठ्याने हसला. ती टेबलावरून ओघळणाऱ्या चहाकडे बघत बसली.

मामींच्या नजरेतून मात्र ते सुटले नव्हते.

"अहो, तो पोरगा मला बरा वाटत नाही," त्या एकदा पीठ मळताना म्हणाल्या.

"तुला कोण बरं वाटतं? लग्नाआधी मीही बरा वाटत नव्हतो."

"अजून कुठे वाटता! थट्टा नको. ती बोलायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघते, बघितलंत? परवानगी काढल्यासारखी."

"तो जीव लावतो तिला."

"जीव लावतो, की जीव काढतो?"

घरात मामींचे बोलणे लांबू लागले की ते जे करीत तेच त्यांनी केले, म्हणजे रेडिओ थोडा मोठा केला.

पुढे परीक्षेच्या अलीकडे एकाएकी कोपऱ्यातले टेबल रिकामे पडले. अर्धाकप दिसेनाशी झाली. कप्तान एकटाच येई, दाराकडे तोंड करून बसे, आणि चहा गार होऊ देई. एके दिवशी तो गल्ल्यापाशी येऊन खाली मान घालून म्हणाला, "मामा, ती बोलत नाही माझ्याशी. फोन घेत नाही. माझं चुकलं असेल, पण बोलायला तरी हवं ना माणसाने? तुम्हीच काहीतरी करा." त्याचे डोळे भरून आले होते. पुरुषाच्या डोळ्यांतले पाणी पाहिले की मामांचे काळीज लोण्याहून मऊ होई. "माझ्यावर सोड," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मामी बहिणीच्या दुखण्याकरिता गावी गेल्या. त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारचे तास चालू असताना, उपाहारगृहाच्या मागच्या दाराने अर्धाकप आत आली. अंगात भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा होता. खांद्यावर पुस्तकांची पिशवी होती.

"मामी नाहीत?" तिने विचारले.

"बहिणीकडे गेल्यात. काय गं, कुठे होतीस इतके दिवस?"

"मामा, मी जरा वेळ इथे आतल्या बाजूला बसू? घंटा होईपर्यंत. तो पुढच्या दाराशी उभा आहे."

वस्तुतः या वाक्यात सगळे काही होते. जिला कोणापासून तरी लपायचे आहे ती याहून स्पष्ट काय सांगणार? पण मामांच्या कानांनी त्यातला रुसवा तेवढा ऐकला. त्यांना वाटले, देवच पावला. लोखंड तापलेले आहे, आता घाव घालायचा तो फक्त आपण.

"बस की, खुशाल बस! आत कोठीत बस, गार आहे तिथे."

तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि ती निर्धास्तपणे कोठीत गेली. कोठीची कीर्ती तिलाही ठाऊक होती. परंतु मामा तसले काही आपल्याशी करतील असे तिच्या मनातही आले नसावे, कारण ती तर आसरा मागायला आली होती. मामा पुढच्या दाराशी गेले, कप्तानाला डोळ्याने खूण केली, आणि त्याला आत सोडून त्यांनी कडी घातली.

दार वाजले. पहिल्याने जोरात, मग आणखी जोरात, तळव्यांनी वाजवावे तसे. "मामा!" अशी हाक आली. मामांनी नेहमीप्रमाणे रेडिओ मोठा केला. समोर करपाटोस्ट फोनच्या तारा कानांत घालून एकटाच जेवत होता. त्याला त्यांनी कोठीकडे बोट करून भुवया उडवून दाखविल्या. "कोण आहे आत?" त्याने विचारले. "आहेत दोन पाखरं," मामा म्हणाले. मग करपाटोस्ट तासाला निघून गेला. दार पुन्हा एकदा वाजले, पण या वेळी आवाज खालून आला, जणू कोणी पायाने मारले असावे. त्यानंतर वाजले नाही. मामांनी समाधानाने दोन चहा टाकले. एकात त्यांनी आलेही किसले.

चहा उतरवून त्यांनी कडी काढली तेव्हा कप्तान आधी बाहेर आला. त्याने केसांवरून हात फिरविला. "मिटलं, मामा," तो म्हणाला. त्याच्या मागून ती आली. तिच्या एका बाहीची शिवण खांद्यापाशी उसवली होती. तिने मामांकडे पाहिलेच नाही. ती सरळ मागच्या दाराने बाहेर पडली आणि आवारातून चालत गेली. पळाली नाही, चालली, पाण्यातून चालावे तशी. पिशवी ओट्यावरच राहिली.

आणि मामांनी काय करावे? त्यांनी ती पिशवी उचलून कप्तानाच्याच हातात दिली. "लाजली वाटतं. जा, नेऊन दे रे तिला."

मामी परतल्या त्या संध्याकाळी मामांनी त्यांना ही हकीकत मोठ्या फुशारकीने ऐकविली. मामींच्या हातातली पळी तशीच राहिली.

"दार वाजलं होतं का?"

"वाजतंच की. सगळेच वाजवतात."

"सगळे वाजवतात नि हसतात. ती हसत होती का?"

रेडिओच्या आवाजात हसणे की रडणे ते कसे कळणार, असे मामांना म्हणायचे होते. पण रेडिओ कोणी मोठा केला होता?

"ती तुमच्याकडे लपायला आली होती हो," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यानेच मामा अधिक घाबरले. "आपल्या मुलीला कोंडलं असतं का असं कोणी? तुम्हाला जगाचे समेट करायची एवढी खाज, पण तिला समेट हवा आहे का, हे एका तोंडाने विचारायचं होतं!"

त्या रात्री दोघेही जेवले नाहीत.

पुढे काही दिवसांनी महाविद्यालयातील समुपदेशक बाई उपाहारगृहात आल्या. विद्यार्थ्यांच्या मनाच्या अडचणी ऐकणे हे त्यांचे काम. एरवी त्या चहा घेऊन जात. त्या दिवशी त्यांनी चहा नको म्हटले आणि मामांना बाकावर समोर बसविले. मुलीने वसतिगृहातल्या सोबतिणीला सांगितले होते, सोबतीण तिला हाताला धरून बाईंकडे घेऊन आली होती, आणि आता तक्रार समितीपुढे होती. त्या कोठीत कप्तानाने तिच्यावर जबरदस्ती केली होती. त्याआधीही तो तिला मारीत असे; बाह्यांचे कारण तेच. तिने संबंध तोडले होते, म्हणूनच तो दाराशी उभा राहत असे.

"मामा, तो आत तिला काय म्हणाला, ते तिने लिहून दिलंय," बाई म्हणाल्या. "तो म्हणाला, ओरडायचं तर ओरड. दार मामांनीच लावलंय. तेही माझ्याच बाजूचे आहेत."

मामांनी बाकाची कड धरली. पायांखालची जमीन सरकणे म्हणजे काय, हे त्यांनी आजवर नुसते ऐकले होते.

"तो काय म्हणतो?" त्यांनी विचारले.

"तो म्हणतो, आम्ही बोललो, ती रडली, मग सगळं तिच्या मर्जीने झालं. तिला नको असतं तर तिने दार नसतं का वाजवलं? बाहेर मामा होतेच की." बाई पुढे झुकल्या. "समिती तुम्हाला बोलावणार आहे. तुम्हाला जे ठाऊक असेल ते सांगा. एवढंच मागते."

म्हणजे आता सगळे येऊन थांबले होते ते एका आवाजापाशी. दार वाजले की नाही वाजले. आणि तो आवाज बाहेरून ऐकणारा या जगात एकच मनुष्य होता.

समितीच्या खोलीत लांब टेबलामागे उपप्राचार्य, दोन प्राध्यापिका आणि बाई बसल्या होत्या. बाईंच्या आग्रहावरून मुलीचे आणि कप्तानाचे म्हणणे वेगवेगळ्या वेळी घेतले जात होते, त्यामुळे दोघांपैकी कोणीही तेथे नव्हते. मामांनी कडी घातल्याचे कबूल केले. ते लपविण्यात अर्थच नव्हता. कोठीची रीत सर्वांना ठाऊक होती, तिच्यावर टाळ्या वाजविणारेही समोरच बसले होते.

"आतून काही आवाज ऐकू आला का?" एका प्राध्यापिकेने विचारले.

तेवढ्यात उपप्राचार्य, ज्यांना हे प्रकरण लवकर आटोपावे असे वाटत होते, ते सहज म्हणाले, "मामांचा तो रेडिओ असतो चालू. त्यात कसलं ऐकू येतंय म्हणा. काय मामा?"

बुडत्याला काडी मिळावी तशी ती काडी समोर आली. दार वाजताना ऐकले म्हणावे, तर ऐकून चहा करीत बसलेला मनुष्य म्हणून आपले तोंड उभ्या जन्मात कोणी पाहणार नाही. ऐकले नाही म्हणावे, तर आपण केवळ मूर्ख ठरतो. आणि मूर्खाला जग क्षमा करते.

"होय साहेब," मामा म्हणाले. "रेडिओ चालू होता. काही ऐकू नाही आलं."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली, मामांकडे क्षणभर पाहिले, आणि पुन्हा खाली घातली.

घरी मामींनी एकच प्रश्न विचारला. "सांगितलंत?"

मामांनी पायांतले जोडे काढण्यात फार वेळ घेतला.

"खोटं बोललात," मामी म्हणाल्या. "आता त्याला तुमचं कुलूप मिळालं. तेव्हा कडी मिळाली होती, आता कुलूप."

"अगं, लोक काय म्हणतील मला? पोरं माझ्या हातचा चहा पितील का?"

"न पिवोत! आपण दोघं पिऊ. त्या पोरीने दार बडवलं, ते तुम्ही ऐकलं नाही म्हणता. मग ते बडवलंच नाही असं होतं, कळतं का तुम्हाला? तिचं ओरडणं तुम्ही पुसून टाकलंत."

मामी आत गेल्या. मामा दाराशी बसून राहिले. त्यांना स्वतःच्या बचावाच्या पुष्कळ गोष्टी सुचल्या. आपला हेतू वाईट नव्हता. आपण कितीतरी जणांना जोडले. कप्तान असा असेल हे कोणाच्या कपाळावर लिहिलेले असते? प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तळव्यांनी वाजणारे ते दार होते. सांडलेल्या चहाचे, काठोकाठ भरलेल्या कपाचे, लांब बाह्यांचे एकेक चित्र आता उलट्या क्रमाने त्यांच्यापुढे येऊ लागले. कुठल्याही एका ठिकाणी थांबून "पोरी, तुझं ठीक आहे ना?" एवढे विचारायला कितीसा वेळ लागला असता? दुसऱ्याच्या भांडणात नाक खुपसायला त्यांना सदैव वेळ होता. दुःखात डोकावायला मात्र झाला नाही.

सकाळी मामांनी उपाहारगृह उघडलेच नाही. ते थेट बाईंच्या खोलीशी जाऊन उभे राहिले.

"मला पुन्हा बोलायचंय. समितीपुढे."

बाई म्हणाल्या, "आज दुपारी बैठक आहेच. तिची मोठी बहीण आली आहे तिला न्यायला. शिक्षण सोडून चाललीय ती. शेवटचं म्हणून तिला बोलावलंय. तिच्यासमोर बोलावं लागेल तुम्हाला. आणि आधी मला तिला विचारावं लागेल, तुम्ही समोर आलेलं तिला चालेल का."

"नको म्हणाली तर?"

"तर तुम्ही नंतर बोलाल, ती गेल्यावर. पण विचारणार मी."

मुलीने होकार दिला. दुपारी मामा त्या खोलीत गेले तेव्हा ती टेबलाच्या एका टोकाला बसली होती, आणि बहीण तिच्या खुर्चीला खुर्ची लावून. मुलीच्या मांडीवर तीच पुस्तकांची पिशवी होती. मामांनी तिच्याकडे पाहिले आणि लगेच नजर टेबलावर आणली.

"मी काल खोटं सांगितलं," ते म्हणाले. "दार वाजलं होतं."

उपप्राचार्य पुढे झुकले. "मामा, नीट आठवून सांगा. रेडिओ चालू असताना..."

"रेडिओ आधी बारीक होता साहेब. दार वाजल्यावर मी मोठा केला. तिने मला हाक मारली, तीही ऐकली. मग मध्ये थोडा वेळ काही नाही, आणि नंतर खालून वाजलं, पायाने मारल्यासारखं. मला वाटलं, नेहमीसारखंच. मी चहा करत होतो." त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. "आणि ती समेटाला आलीच नव्हती. ती म्हणाली होती, तो पुढच्या दाराशी उभा आहे, मला आत बसू द्या. मी तिला लपवलं, आणि त्याला बोलावलं. तो म्हणतो ते खोटं आहे. ती ओरडली होती. मी ऐकलं होतं."

प्राध्यापिका भराभर लिहीत होत्या. उपप्राचार्यांनी चष्मा काढून हातात घेतला. बहिणीने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. आता तिच्या शब्दाला आधार मिळाला होता, आता कप्तानाच्या त्या लाघवी हकीकतीचा पायाच निखळला होता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळले. मामांनाही कळले. आणि त्यांना क्षणभर, फक्त क्षणभर, छातीवरचा धोंडा हलल्यासारखे वाटले.

तेव्हा मुलगी बोलली. मामांनी तिचा आवाज त्या दिवसानंतर प्रथमच ऐकला.

"मला वाटलं होतं, आवाज बाहेर गेलाच नसेल."



"रोज झोपताना मी स्वतःला तेच सांगायचे," ती म्हणाली. तिचे बोलणे मामांना उद्देशून होते, पण ती पाहत होती पिशवीच्या बंदाकडे. "दार जाड आहे, रेडिओ होता. मामांना ऐकूच गेलं नसेल. गेलं असतं तर ते आलेच असते."

तिच्याजवळ उरलेली तेवढी एक गोष्ट होती, आणि ती मामांच्या खऱ्या बोलण्याने गेली. खोटे बोललो असतो तर तिचा न्याय गेला असता; खरे बोललो तर हे गेले. जे वेळेवर करायचे ते न करणाऱ्या मनुष्याला पुढे असेच दोन रस्ते उरतात, आणि दोन्ही काट्यांचे असतात. मामांना रडू आले नाही. रडण्याचा हक्क आपला नव्हे, एवढे त्यांना त्या क्षणी कळले होते.

बैठक उठली. कप्तानाला महाविद्यालयातून काढण्याचा निर्णय आणि पोलिसांकडे द्यायचा कागद, ही पुढची कामे समितीपुढे होती. उपाहारगृहाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. ते सोडायचे हे मामांनी मनाशी आधीच ठरविले होते. ते बाहेरच्या अरुंद बोळात येऊन थांबले. थोड्या वेळाने मुलगी आणि तिची बहीण बाहेर आल्या. बहिणीच्या हातात एक मोठी बॅग होती, बांधून तयार.

मामा एक पाऊल पुढे झाले.

"पोरी, तुझ्याशी दोन शब्द बोलू का?"

ती थांबली. तिने प्रथमच त्यांच्याकडे सरळ पाहिले.

"नाही, मामा."

"अगं, ऐक तरी," हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. आयुष्यभर असल्याच शब्दांवर त्यांनी माणसांना एकत्र बसविले होते. त्यांनी ते गिळले, आणि भिंतीला चिकटून बाजूला झाले, कारण बोळ इतका अरुंद होता की ते सरकल्याखेरीज बॅग घेऊन त्या दोघींना पुढे जाता आले नसते.